मी न ऐकलेलं गाणं

ज्या गाण्याला मी नकली ठरवलं, ते गायलं जात असताना मी हॉलच्या बाहेर होतो. एवढं कबूल करायला मला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत चोवीस वर्षांच्या एका मुलीचं इथलं राहणं आणि गाणं, दोन्ही माझ्या एका मेसेजवर आणि एका पत्रावर अडकून पडलं होतं. मेसेज मी लिहिला होता, आणि पत्रही मीच.

मी न्यू जर्सीत, पार्सिपनीला राहतो. सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि पुराव्यानिशी मांडायच्या. पंचवीस वर्षं हेच करत आलोय, त्यामुळे आपल्याला चूक दिसली म्हणजे ती असणारच, असं वाटायची सवय लागली आहे. शिवाय आमच्या मराठी मंडळाचा मी तेव्हा सांस्कृतिक सचिव होतो. गणपती, दिवाळी, संक्रांत या कार्यक्रमांत कोण गाणार, कोण नाचणार, कोणाला किती मिनिटं, हे माझ्या हातात होतं. या छोट्याशा सत्तेचा माणसावर काय परिणाम होतो हे ज्याने मंडळात काम केलंय त्यालाच कळेल.

ती मुलगी युक्रेनची. माझी मुलगी जिथे गाणं शिकायची, त्या दुकानांच्या रांगेतल्या संगीतशाळेत ती शिकवायची. तिची कहाणी मला तुकड्यातुकड्यांनी कळली. सतराव्या वर्षी ती टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत शेवटच्या तिघांत आली. एकोणिसाव्या वर्षी तिचं एक गाणं असं चाललं की मिनीबसमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये, समुद्रकाठच्या हॉटेलांत, जिथे जावं तिथे तेच. ते गाणं रशियन भाषेत होतं. तेव्हा तिकडे पुष्कळ जण तसंच करत, कारण त्या भाषेत गायलं की सीमेपलीकडचाही बाजार मिळायचा. मग युद्ध आलं. ती आईला घेऊन इथे आली आणि ते गाणं तिने कायमचं बंद केलं. न्यूयॉर्कमध्ये तिच्या भागातले लोक ज्या हॉटेलांत लग्नं-वाढदिवस करतात, तिथे तिला बोलावणारे खूप होते, पण सगळ्यांना तेच गाणं हवं असायचं. ती नाही म्हणायची. तीन-चारदा नाही ऐकल्यावर त्यांनी बोलावणंच बंद केलं. म्हणजे ज्या एका गाण्यावर तिचं नाव झालं होतं, ते सोडून तिला नव्याने सुरुवात करायची होती, जिथे तिला कोणी ओळखत नाही अशा देशात.

आमच्या अध्यक्षबाईंनी तिला संगीतशाळेच्या कार्यक्रमात ऐकलं आणि कमिटीत विषय काढला: गणेशोत्सवात ही मुलगी मराठी भावगीत म्हणेल का?

"म्हणेल की. हॉल फुल होईल," आमचे खजिनदार म्हणाले.

"गोरी दिसली की आपण पाघळतो," दुसऱ्या एक बाई म्हणाल्या. "आपल्या पोरींना पाच मिनिटं देताना मात्र घड्याळ बघतो."

सगळे हसले. मीही हसलो, कारण घड्याळ बघणारा मीच होतो.

तिच्याशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. ती इंग्रजीत बोलायची, थोडक्यात आणि थेट. इथे मी ते मराठीत लिहितो आहे. भावगीत शिकायला ती लगेच तयार झाली. मी म्हटलं, शेवटी तुझं ते फेमस गाणंही होऊन जाऊ दे.

"ते मी म्हणत नाही."

"आमच्या लोकांना भाषा कळणार नाही. रशियन काय, युक्रेनियन काय."

"मला कळते ना. आणि तुमच्या लोकांनी ते गाणं ऐकलेलंही नाही. तुम्हाला फक्त पोस्टरवर 'फेमस' लिहायचंय."

खरं होतं ते. मला राग आला तो त्यामुळेच.

सहा आठवडे तिने ते भावगीत घोटलं. वहीत तिच्या लिपीत शब्द लिहून घेतले, एकेकाचा अर्थ विचारला. 'ळ' पहिल्या दिवशी जमला नाही, तिसऱ्या दिवशी जमला. आमच्या इथे जन्मलेल्या मुलांना तो सोळाव्या वर्षीही जमत नाही. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी शाळेच्या भाड्याने घेतलेल्या सभागृहात रंगीत तालीम होती. ती गायली, मी साउंडच्या मशीनमधून थेट रेकॉर्डिंग घेतलं आणि सवयीप्रमाणे मंडळाच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकून दिलं. ती चांगली गायली होती, हे मी तेव्हाही मनात मान्य केलं होतं.

त्यानंतर माझी मुलगी गणेशवंदना म्हणायला उभी राहिली. ती पंधरा वर्षांची आहे. दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज फाटला. मी खालूनच म्हटलं, परत घे. परत फाटला. परत घे. चौथ्यांदा ती युक्रेनियन मुलगी उठून माझ्याजवळ आली आणि सगळ्या कमिटीसमोर म्हणाली, "थांबवा हे. तिला गायला आवडत नाही. तुम्हाला आवडतं. मग क्लासला तुम्हीच या."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. माझ्या मुलीने माइक स्टँडवर ठेवला आणि खाली आली. "शी इज राइट, बाबा," एवढंच म्हणाली आणि आईच्या शेजारी जाऊन बसली. गणेशवंदना त्या दिवशी झालीच नाही.

संध्याकाळी त्या मुलीची पाळी आली तेव्हा मी मुद्दाम हॉलमधून बाहेर पडलो. केटररची माणसं पोचलीच होती. मी कॅफेटेरियात मसालेभाताचे ट्रे लावत राहिलो. मधली दारं बंद होती. शेवटी टाळ्यांचा आवाज तेवढा आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही. बायको डोळे पुसत बाहेर आली.

"काय गायली रे. तू का नव्हतास आत?"

"तयार म्युझिकच्या ट्रॅकवर कोणीही गातं," मी म्हणालो.

आमच्या मंडळात एक काका आहेत. निवृत्त होऊन मुलाकडे राहतात आणि कार्यक्रमांचे व्हिडिओ करतात. दोन दिवसांत त्यांनी तिच्या गाण्याचा व्हिडिओ टाकला आणि तो सगळीकडे फिरला. पुण्याहून माझ्या बहिणीनेही मलाच तो पाठवला. जॉर्जियातल्या अल्फारेटाकडच्या मराठी लोकांनी तिला दिवाळीला बोलावलं, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलकडच्यांनी गुढीपाडव्याला. कमिटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचे फुगे उडत होते आणि माझ्या घरात मुलगी माझ्याशी बोलत नव्हती.

अशा मनःस्थितीत एका रविवारी दुपारी मी तो व्हिडिओ हेडफोन लावून ऐकला. दुसऱ्या कडव्याआधी तिने घेतलेला श्वास मला ओळखीचा वाटला. सकाळच्या तालमीतही तिथेच, तसाच श्वास होता. मी माझं रेकॉर्डिंग काढलं, दोन्ही आवाज कॉम्प्युटरवर एकाखाली एक लावले. तंतोतंत जुळले. श्वास, एक अगदी बारीक खाकरणं, शेवटच्या ओळीतली लांबवलेली जागा. जिवंत माणूस दोनदा असं गाऊच शकत नाही. याचा एकच अर्थ मला दिसला: तिने सकाळचा आवाज लावून संध्याकाळी नुसते ओठ हलवले. मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला.

बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "मी दहा फुटांवर उभी होते. ती गात होती. गळ्याची शीर दिसत होती तिच्या."

"तुला ट्रॅक आणि आवाजातला फरक कळतो?"

"मला माणूस गातोय का ते कळतं. तुला ती बोलली ते लागलंय, दुसरं काही नाही."

मी त्याच संध्याकाळी मेसेज पाठवला. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या मंडळांच्या सांस्कृतिक सचिवांचा एक ग्रुप आहे. कलाकार कसा आहे, वेळ पाळतो का, माइकवर काही भलतंच बोलतो का, हे आम्ही तिथे एकमेकांना सांगतो. मी लिहिलं: "एक सावधगिरीची सूचना. आमच्या कार्यक्रमातलं गाणं लाइव्ह नव्हतं. पुरावा जोडला आहे. प्रत्येकाने आपापला निर्णय घ्यावा." सोबत दोन्ही आवाजांचं चित्र. भाषा किती सभ्य होती. शिव्या दिल्या असत्या तर लोकांनी निदान माझ्यावर तरी शंका घेतली असती.

कोणी लिहिलं, "बाप रे." कोणी लिहिलं, "थँक्स यार, वाचवलंस." कोणी लिहिलं, "आपण भोळे आहोत, हे या लोकांना बरोबर कळतं." या लोकांना म्हणजे कोणाला, हे मी विचारलं नाही. आठवड्याच्या आत अल्फारेटावाल्यांनी कार्यक्रम कॅन्सल केला. मग सनीव्हेलवाल्यांनीही. एकाने तिला कारण म्हणून माझा मेसेजच पुढे पाठवला.

ती मला संगीतशाळेच्या पार्किंगमध्ये भेटली. माझ्या मुलीने क्लास सोडला होता, तिची फाइल परत आणायला गेलो होतो. ती गाडीसमोर येऊन उभी राहिली.

"मी गात होते तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"हॉलमध्ये," मी म्हणालो.

"कुठे?"

"मागे."

"पुढे तुमची बायको होती. मला स्टेजवरून सगळे दिसतात, मागचेही. तुम्ही नव्हता."

मी म्हणालो, माझ्याकडे पुरावा आहे. ती म्हणाली, "माझ्याकडे गळा आहे. आत्ता इथे गाऊ? तुमचा कॉम्प्युटर आणा." आजूबाजूला लोक होते. मी गाडीत बसलो आणि काच वर केली.

पुढचं मला तेव्हाच समजायला हवं होतं, कारण व्हिसाच्या बाबतीत मी अडाणी नाही. माझ्या ग्रीन कार्डसाठी मी अकरा वर्षं थांबलो. एका मॅनेजरने माझं पत्र तीन महिने टेबलावर ठेवलं तेव्हा माझी झोप उडाली होती. त्या मुलीला इथे राहण्याची परवानगी युद्धामुळे मिळाली होती आणि ती मुदतीची होती. वसंतात संपणार होती. तिच्या वकिलाने कलाकाराच्या व्हिसाचा मार्ग सुचवला होता. त्यासाठी जिथे जिथे मुख्य कलाकार म्हणून गायली त्या संस्थांची पत्रं हवीत आणि पुढचे ठरलेले कार्यक्रम हवेत. पुढचे दोन्ही कार्यक्रम माझ्या मेसेजमुळे गेले होते. पत्रासाठी वकिलाची ईमेल मंडळाकडे आली. अध्यक्षबाईंनी ती मला पाठवली: "तूच बघ, सांस्कृतिकचं आहे."

मी मंडळाच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहिल्या. सदर सादरीकरणाच्या सत्यतेची आम्ही खात्री देऊ शकत नाही, क्षमस्व. सही केली. स्कॅन केलं. पाठवलं. इतर पत्रंही मग फारशी आली नाहीत असं नंतर कळलं. अर्ज अर्धवट राहिला. संगीतशाळेतले तिचे क्लास कमी झाले, कारण तिथल्या निम्म्या आया मराठी होत्या.

संक्रांतीच्या कार्यक्रमात व्हिडिओवाले काका माझ्याजवळ आले. हातात तिळगूळ होता. बायको शेजारीच होती.

"काय रे, ती तुझी गाणारी या वेळी नाही का? तिचा व्हिडिओ काय चालला होता."

मी तिळगूळ तोंडात टाकला.

"मेहनत किती घेतली होती मी त्यात," काका म्हणाले. "हॉलमधला आवाज इतका खराब आला होता, एसीची नुसती घरघर. मग फोल्डरमध्ये तुझं सकाळचं रेकॉर्डिंग सापडलं, ते लावलं वर. मागचं म्युझिक तेच, त्यामुळे ओठ बरोबर बसले. बेमालूम झालं की नाही?"

"काका, तुम्ही हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगायचं काय त्यात? आवाज तिचाच आहे. तुमच्या त्या मोठ्या ग्रुपवर मी नाही बाबा, मला कोण घेतंय तिथे." ते हसत पुढे गेले.

मी माझंच रेकॉर्डिंग माझ्याच रेकॉर्डिंगशी ताडून पाहिलं होतं. कामावर एखाद्या नवशिक्याने अशी चूक केली असती तर मी त्याला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सोलून काढलं असतं. तपासण्याआधी फाइल कुठून आली ते बघायचं, हा पहिला धडा. मी तो स्वतः शिकवतो.

बायकोने गाडीत बसून पट्टा लावला. मग म्हणाली, "आज सांगणार आहेस का उद्या?"

मी तीन आठवडे सांगितलं नाही. हे त्या मेसेजपेक्षा वाईट होतं. मेसेज पाठवला तेव्हा मी चुकलो होतो. हे तीन आठवडे मी जाणूनबुजून चोर होतो. कारणं काढत होतो: आता कार्यक्रम तर गेलेच, आता सांगून काय होणार, मंडळाचं नाव जाईल, काकांना वाईट वाटेल. बायकोने आधी रोज विचारलं, मग विचारणं सोडलं आणि माझ्या ताटात वाढणंही. "आहे तिथे, घे," म्हणायची. एकदा जेवताना मुलगी म्हणाली, "तुमच्या ऑफिसमध्ये दुसऱ्यांचे बग तुम्ही रिपोर्ट करता ना, बाबा? स्वतःचा असला की गुपचूप क्लोज करता?" मी ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं.

शेवटी एका शनिवारी सकाळी मी शेजारच्या गावातल्या बेकरीत गेलो. ती तिथे काउंटरवर काम करायला लागली होती. केस जाळीत बांधलेले, हातात प्लॅस्टिकचे मोजे. मला पाहून तिने पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं. मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आल्यावर मी सगळं सांगितलं, काकांचं, फोल्डरचं, श्वासाचं. म्हणालो, तू खरंच गायली होतीस.

"हे तुम्ही मला सांगताय?" ती म्हणाली. "मला माहीत आहे. मीच गायले होते."

मागे आतल्या बाजूला तिची आई पाव कापत होती. तिने युक्रेनियनमध्ये काही विचारलं. मुलीने एका शब्दात उत्तर दिलं. आईने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"मला माफी—"

"नको," ती म्हणाली. "इथे नको. पावाच्या काउंटरवर तुम्हाला हलकं वाटेल आणि मग तुम्ही घरी जाल. आधी खरं पत्र द्या. वकील म्हणतात एप्रिलपर्यंत वेळ आहे. मग ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांच्यासमोर बोला. मी ऐकणार आहे. आणि आता काही घेणार आहात का? मागे लोक उभे आहेत."

मी एक काळपट राय पाव घेतला. का, ते माहीत नाही.

अध्यक्षबाई पत्रावर सही करायला तयार नव्हत्या. "आधीचं पत्र चुकीचं होतं असं लिहून द्यायचं? उद्या कोणी मंडळावर केस केली तर? तुझ्या भांडणात मंडळाची बेअब्रू का?" मी म्हटलं, ते पत्र मी खोटं लिहिलं होतं, तसंच लिहू. माझं नाव घालू. दोन तास वाद झाला. त्या मला म्हणाल्या, "तुला आता साधू व्हायचंय, आणि भरायचं आम्ही." त्यात तथ्य होतं. तरी शेवटी त्यांनी सही केली, आणि मी सचिवपदाचा राजीनामा त्याच टेबलावर ठेवला. त्यांनी तो पर्समध्ये घातला. नवं पत्र दोन पानांचं झालं. ती कशी शिकली, किती लोक होते, किती वेळ टाळ्या वाजल्या, सगळं लिहिलं. टाळ्यांबद्दल मला खात्रीने लिहिता आलं. तेवढं मी ऐकलं होतं. वकिलाने अर्ज भरला. हे लिहीत असताना उत्तर आलेलं नाही.

सचिवांची महिन्याची ऑनलाइन मीटिंग रविवारी सकाळी असते. मी वेळ मागून घेतला आणि तिला लिंक पाठवली. ती आली. बेकरीच्या मागच्या खोलीतून जॉइन झाली होती, शेजारी आई बसली होती. तीसेक चौकटी होत्या. तिला कळावं म्हणून मी इंग्रजीत बोलणार होतो. सुरुवात करण्याआधीच एकजण म्हणाला, "यार, पाच-सहा महिन्यांपूर्वीचं आता कशाला उकरायचं? आम्ही विसरलोही." दुसरा म्हणाला, "आणि आम्ही कॅन्सल केलं ते तुझ्यावर विश्वास ठेवून. आता आम्हाला वाईट दाखवतोस?"

मी म्हटलं, नाही, वाईट मी आहे. मग मी तिच्या चौकटीकडे पाहून बोललो. माझ्यासमोर लिहून ठेवलेला कागद होता, तो वापरला नाही.

"तुम्ही त्या संध्याकाळी स्वतःच्या गळ्याने गायलात. मी हॉलमध्ये नव्हतो. मी बाहेर होतो, मुद्दाम, कारण सकाळी तुम्ही माझ्या मुलीबद्दल खरं बोललात आणि मला ते सहन झालं नाही. व्हिडिओतला आवाज आमच्याच माणसाने चांगल्या हेतूने बदलला होता. मी कुणाला एक प्रश्नही न विचारता तुम्हाला खोटं ठरवलं, कारण मला तुम्ही खोट्या निघायला हव्या होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो. तुमच्या व्हिसाचं पत्र मी मोडलं, आणि अशा पत्राची किंमत काय असते हे मला इथल्या कुणाहीपेक्षा कमी माहीत नव्हतं. खरं कळल्यावरही मी तीन आठवडे गप्प राहिलो. तुमचे दोन कार्यक्रम आणि हे महिने मी परत देऊ शकत नाही. तुम्ही मला माफ करावं असं मी मागत नाही. मी तुमचा अपराधी आहे, आणि तुमची माफी मागतो."